भागाईचा थेंब

त्या टेकडीच्या पोटात राहणारे जीव एकमेकांना सहसा दिसत नसत. प्रत्येकाचे बीळ वेगळे होते आणि काम वेगळे होते. कोणी धान्य चाळी, कोणी वाळलेले गवत रची, कोणी पिलांची अंथरुणे उन्हात नेऊन आणी. काम होत राहिले की करणारा आहे, असे सगळे धरून चालत. त्याचे तोंड पाहायची वेळ क्वचितच येई.

सगळ्यात आत, टेकडीच्या गाभ्यात, एक झरा होता. झऱ्याच्या तोंडाशी दगडाची जड फळी होती आणि ती फळी भागाई नावाची म्हातारी कासवी सांभाळत असे. सकाळी ती फळीखाली पाठ घालून फळी उचले आणि बाजूने आधाराचा गोटा सरकवी. मग पाणी चरांतून सगळ्या बिळांकडे जाई. संध्याकाळी ती गोटा काढून फळी खाली सोडी, म्हणजे सकाळपर्यंत झरा पुन्हा भरे. हे काम ती किती वर्षे करत होती, ते तिलाही सांगता आले नसते.

त्या वर्षी एक वाईट गोष्ट घडली. एक म्हातारे वटवाघूळ पंख हलवून बिळांतली हवा खेळती ठेवत असे. ते मेले. पिले धापा टाकू लागली तेव्हा, म्हणजे तीन दिवसांनी, ही गोष्ट कळली. टेकडीचा कारभारी बाजीबा नावाचा मुंगूस होता. तो वाईट नव्हता. त्या तीन दिवसांचा त्याने इतका धसका घेतला, की जेवता जेवता मध्येच उठून तो कुणाच्या तरी बिळाशी कान लावून उभा राहू लागला. शेवटी त्याने येसू कोळिणीला बोलावले.

"प्रत्येक बीळ जागच्या जागी कळलं पाहिजे," तो म्हणाला. "चौकात जाळं बसव. आजच बसव."

"बसवते, कारभारी. आधी चार काठ्या द्या."

काठ्या आल्या, पण त्या उभ्या राहिनात. त्यांना माती हवी होती. माती आली, ती कोरडी निघाली. ती भिजवायला पाणी हवे होते आणि पाण्याची वेळ टळून गेली होती. म्हणून भागाईला निरोप गेला आणि तिने त्या दिवशी फळी दुसऱ्यांदा उचलली. कशासाठी, ते तिला कोणी सांगितले नाही.

मग ठकू घुशीला प्रत्येक बिळाच्या भिंतीला धागा जाईल एवढे भोक पाडायला सांगितले. ठकू संतापली. "जन्मभर बोगदे खणले मी, आणि आता टाचणीएवढं भोक? माझं नाक बघा आणि तुमचं भोक बघा!" पण तिने काडीने कोरून कोरून भोके पाडली. येसूने प्रत्येक भोकातून एक धागा ओवला. त्याचे एक टोक बिळात सोडले आणि दुसरे चौकातल्या जाळ्याला बांधले. जाळ्याकडच्या टोकाला तिने दवाचा एक थेंब लावला.

नियम असा ठरला. येसूने धागा ओढायचा. बिळातल्याने तो परत ओढायचा. दहा श्वासांच्या आत उत्तर आले तर थेंब लख्ख ठेवायचा, नाही आले तर त्यात चिमूटभर माती कालवायची. थेंब ओळीने तीनदा मळला तर चौघांची टोळी त्या बिळाकडे धाडायची. येसूने जाळ्यावर बसायचे, धागे ओढायचे, थेंब पाहायचे. कुणाच्या बिळात मात्र तिने पाऊल ठेवायचे नाही, कारण सगळ्यांचे धागे जिच्या हातात आहेत ती आतही शिरू लागली तर लोकांना ते आवडणार नव्हते. येसूला हे पटले आणि तिने मान डोलावली.

दहा श्वास बाजीबाने स्वतः मोजून दिले होते. ते मुंगसाचे श्वास होते.

पहिल्या सकाळी येसूने एकामागून एक धागे ओढले. झऱ्याचा धागा शेवटी होता. भागाई तेव्हा फळीपाशी होती आणि धाग्याचे टोक दारापाशी होते. टोक हललेले तिने पाहिले. कित्येक वर्षांत तिच्या बिळात बाहेरून काही हलले नव्हते. ती पाय ओढत निघाली, मध्ये एकदा थांबली, पुन्हा निघाली आणि पोचल्यावर तिने धागा तोंडात धरून ओढला. मग थोडे थांबून आणखी एकदा, हळूच ओढला.

हा दुसरा झटका कशाचा, ते येसूला आधी कळेना. मग कळले. म्हातारी विचारत होती, तू कशी आहेस? येसूने धागा परत हलवला. धागे सगळ्यांकडे गेले होते, पण असे उलट विचारणारी ती एकटीच निघाली.

थेंब मात्र तोवर मळला होता. कासवीचा एक श्वास होईतो मुंगसाचे दहा होऊन जातात. "झऱ्याचा थेंब मळला!" कुणीतरी ओरडले आणि चौकात एकच धावपळ झाली. ज्याच्या हाती जे भांडे लागले ते घेऊन तो चराकडे पळाला. त्या चेंगराचेंगरीत साळू साळिंदरीच्या एका पिलाचा पाय चिरडला.

बाजीबाने ठकूला भागाईकडे पाठवले. ठकूने भिंतीच्या भोकाला तोंड लावून सांगितले, "आजी, कारभारी म्हणतात वेळेवर उत्तर द्या. लोक घाबरतात. साळूच्या लेकराचा पाय गेला."

आतून आवाज आला, "माझ्यापायी?"

"तसं नव्हे गं."

"कुठला पाय? डावा की उजवा?"

ठकूला ते माहीत नव्हते.

येसू त्याच दिवशी बाजीबाकडे गेली. "तेवढ्या एका धाग्याला कासवाचे श्वास धरा," ती म्हणाली. "नाहीतर धागा फळीपाशी नेऊन बांधू द्या."

"आत तू जायचं नाही असं ठरलंय. आणि एकीला वेगळं माप दिलं, तर उद्या जो तो आपापले श्वास घेऊन दारात उभा राहील," बाजीबा म्हणाला. "मी तरी किती मापं ध्यानात ठेवू, येसू?"

त्यानंतर भागाईचा थेंब कधी मळला नाही. फळी उचलून झाली की ती दाराशी येऊन धाग्याजवळ बसून राही. पण लख्ख थेंब पाहायची टेकडीला गोडी लागली. छताच्या भोकातून चौकात ऊन पडले की सगळे जाळे चमके आणि आयाबाया पिलांना कडेवर घेऊन बघायला येत. दिवसातून एकदा धागे ओढायचे ठरले होते, ते तीनदा झाले. मग सातदा झाले. मग चौकात कोणी पाहुणा आला की त्याला दाखवायला म्हणूनही धागे ओढले जाऊ लागले.

भागाई दारापासून फळीपर्यंत जाई तोवर धागा हले. ती परत येई. पुन्हा निघे तोवर पुन्हा हले. तिचा तो दुसरा, हळूच ओढलेला झटका कमी होत गेला आणि एक दिवस बंद झाला. येसूने दोन-तीनदा आपणहून थोडा जास्त वेळ धागा धरून ठेवला. पलीकडून काही आले नाही.

थोड्या दिवसांनी ठकू भागाईचा निरोप घेऊन आली. "म्हातारी म्हणते, एकटीनं होत नाही. फळी जड झालीय. कुणीतरी हाताखाली द्या."

बाजीबाने जाळ्याकडे पाहिले. "थेंब तर लख्ख आहे," तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. टोळीत चौघेच होते आणि त्या दिवशी तीन बिळांचे थेंब खरोखर मळले होते. "मळेल तेव्हा लगेच जाऊ. सांग तिला."

तो गेल्यावर येसूने ठकूला जवळ बोलावले. "तिला सांग, ओळीने तीनदा उत्तर देऊ नकोस. नुसती बसून राहा. टोळी येईल. आली की त्यांना फळी दाखव, तुझी पाठ दाखव."

ठकू लगोलग गेली. भोकाला तोंड लावून तिने सगळे सांगितले. आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता.

"ऐकलंस का आजी?"

"ऐकलं. येसूला म्हणावं, गुणाची आहेस. पण तीनदा थेंब मळला तर वर काय होईल? एकदा मळला तेव्हा लेकराचा पाय गेला."

"अगं, पण अशानं मरशील की तू!"

"मरेन तेव्हा मरेन. माझ्या नावानं पळापळ नको व्हायला." मग ती म्हणाली, "चालतो का गं तो आता?"

"लंगडतो. पण झाडावर चढायचं म्हणून हट्ट करतो."

"साळूचं पोर आणि झाडावर!" म्हातारी हसली. ठकूने तिचे हसणे शेवटचे ऐकले ते त्या दिवशी. दुसऱ्याच दिवशी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला नवे धागे ओवायचे काम निघाले आणि ठकूला तिकडे धाडले गेले.

पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी येसूने झऱ्याचा धागा ओढला आणि हात काढून घ्यायच्या आत उत्तर आले. एक श्वासही लागला नाही. दुपारी ओढला, तसेच. संध्याकाळी ओढला, तसेच.

चौकात आनंद झाला. "आजीनं तर पोरांना मागं टाकलं!" एक जण म्हणाला. "काय खाते कोण जाणे, मलाही धाडा थोडं," दुसरा म्हणाला. त्यातच आणखी एक सुख झाले. पूर्वी संध्याकाळी पाणी बंद होई, ते आता होईना. चर अष्टौप्रहर भरून वाहू लागले. सगळ्या जाळ्यात झऱ्याचा थेंब आता सगळ्यात तेजस्वी दिसे. बिळांतल्या आळशी पोरांना आया तो थेंब बोट करून दाखवत.

येसू मात्र बेचैन होती. जिवंत हाताचे उत्तर रोज थोडे वेगळे असते. कधी झोपेतून उठल्यासारखे, कधी रागाचे, कधी चुकून दोनदा. या उत्तराला सकाळ नव्हती, दुपार नव्हती. ते दर वेळी तेवढेच होते.

"कारभारी, एकदा कुणाला तरी आत पाठवा," ती म्हणाली.

"का? मळला का थेंब?"

"नाही."

"उशीर लागतो उत्तराला?"

"नाही. तेच म्हणते मी. भागाईला उशीर लागायचा."

बाजीबा थकलेला दिसत होता. "ते वटवाघूळ गेलं तेव्हापासून मला झोप नव्हती, येसू. आता झोपायच्या आधी मी इथं येतो, हा थेंब बघतो, आणि मला झोप लागते. जे लख्ख आहे त्याच्यावर तू तरी बोट ठेवू नकोस."

आणखी चार दिवस येसूने धागे ओढले. पाचव्या दिवशी, ऊन चौकात उतरायच्या आधी, ती जाळ्यावरून उठली आणि झऱ्याच्या धाग्यावरून चालू लागली. नियम मोडणारी ती त्या टेकडीतली पहिली नव्हती, पण आजवर तिने स्वतः कधी मोडला नव्हता. ती भिंतीच्या भोकाशी आली. मग अंग आवळून ती आत शिरली.

आत गार होते. धागा दारापाशी संपायला हवा होता, पण तो पुढे गेला होता. पाण्याच्या कडेकडेने तो फळीपर्यंत खेचून नेलेला होता. येसू त्याच्यावरून चालत गेली. आधाराचा गोटा बाजूला घरंगळून पडला होता. गोट्याच्या जागी भागाई होती. रोज उचलायची ताकद उरली नाही, तेव्हा तिने एकदाच शेवटची फळी उचलली असावी आणि मग खालून निघालीच नसावी. फळी तिच्या पाठीवर टेकली होती आणि पाणी तिच्या पोटाखालून वाहत होते. तिने मान लांब केली होती. धाग्याचे टोक तिने फळीच्या कडेला बांधले होते. गाठी वेड्यावाकड्या होत्या, एकीवर एक, दातांनी मारलेल्या. येसूने त्या मोजल्या. सात होत्या.

येसूने तिच्या पायाला हात लावला. पाय दगडासारखा गार होता, आणि त्याच्यावर शेवाळाची पातळ साय धरली होती. झऱ्यात आता वीतभरच पाणी उरले होते.

तेवढ्यात धागा ताणला. वर येसूची जागा रिकामी पाहून बाजीबा स्वतः जाळ्यावर चढला होता आणि त्याने धागा ओढला होता. फळी म्हातारीच्या पाठीवर जराशी डुलली, पुन्हा आपल्या वजनाने बसली आणि धाग्याला उलट झटका गेला.

भिंतीच्या भोकातून चौकातला गलका बारीक होऊन आत आला. पिले टाळ्या पिटत होती.

"लख्ख!" कुणीतरी ओरडले. "आजी ठणठणीत आहे!"