लाखोळीचे दान

पूर्वी गोदावरीच्या काठी अश्मक देशाच्या पोतन नगरात राजा सिंहकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका गरीब ब्राह्मणाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सुविचय. आईबाप लवकर गेले आणि थोरल्या बहिणीने, उत्पलेने, त्याला लहानाचा मोठा केला.

उत्पला भारी मायाळू. शेजारी कोणी रडू लागले की हिच्याही डोळ्यांना धार लागे. भाऊ मात्र निराळा निघाला. एकदा गावाबाहेरच्या खड्ड्यात वासरू पडले. बाया हळहळल्या, पुरुषांनी दोर टाकून ओढायला सुरुवात केली, तसा वासराच्या मानेला फास बसू लागला. सुविचय काठावर बसून नुसता पाहत होता.

"याला काळीज आहे की नाही?" कोणी तरी म्हणाले.

तेवढ्यात तो उठला. "दोर सोडा," म्हणाला, "आणि कडब्याच्या पेंढ्या आणा." पेंढ्या खड्ड्यात पडत गेल्या, वासरू त्यांवर चढत गेले आणि आपल्याच पायांनी वर आले. लोक वाहवा करीत घरी गेले. उत्पला परत वळून पाहते तो काय, भाऊ वासराच्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होता.

"मघाशी नाही रडलास, आणि आता?"

"मघाशी रडलो असतो तर खड्डा नीट दिसला नसता, अक्का."

त्या दिवसापासून भावाला कोणी कोरडा म्हटले की उत्पला वाद घालीत नसे. तिला जे ठाऊक होते ते तिला पुरेसे होते.

पुढे सुविचय तक्षशिलेला जाऊन विद्या शिकून आला आणि राजाने त्याला न्यायसभेत घेतले. त्याच सुमारास अश्मक देशात दुष्काळ पडला. भाताची खाचरे भेगाळली, ज्वारी जागच्या जागी करपली. तग धरला तो एकट्या लाखोळीने. निळसर फुलांचे हे कडधान्य. पाणी नसले तरी येते. उत्पलेने राजाकडे जाऊन पदर पसरला, "महाराज, लाखोळी तरी वाटा. लोक उपाशी मरताहेत." राजाने दानशाळा उघडली आणि तिचा कारभार उत्पलेच्याच हाती दिला.

ती स्वतः चुलीपाशी उभी राही, स्वतः वाढी. दानशाळेवर सगळ्यांत जास्त येत ते नगराबाहेरच्या वस्तीतले पाथरवट. दिवसभर डोंगर फोडून आलेल्या त्या गड्यांना ती न मागता दुसरा पळा घाली. त्यांतला नंदक नावाचा उमदा तरुण हसून म्हणायचा, "माई, तुमच्यामुळं अंगात घण उचलायचं बळ राहिलंय."

पाऊसकाळ कोरडाच सरला आणि त्या वस्तीत एक विपरीत घडू लागले. चांगले धडधाकट गडी सकाळी उठायला जात आणि गुडघ्यांत कोसळत. पाय ताठ होत, एकमेकांत अडकत. कोणी काठीवर आला, कोणी जमिनीवरून सरपटू लागला. नंदकही असाच जागेवर बसला.

नगरात भीती पसरली. वृद्ध अमात्य दीर्घमती राजाला म्हणाला, "महाराज, या लोकांनी देवीचा डोंगर फोडला. हा तिचा कोप आहे. तो नगरात शिरण्याआधी ही वस्ती सीमेपार घालवली पाहिजे."

राजाने सुविचयाला बोलावले. "जाऊन पाहून ये. मग मी आज्ञा देईन."

सुविचय वस्तीतच जाऊन राहिला. तो घरोघरी फिरे आणि एकच धोशा लावी: पाणी कुठले पिता, निजता कुठे, खाता काय, किती खाता, कधीपासून? लोक वैतागले. नंदक तर उसळून म्हणाला, "माझे दोन पाय गेले, आणि तुम्ही विचारताय सकाळी काय खाल्लंस!"

"हो," सुविचय म्हणाला. "तुझ्या धाकट्या भावाचे पाय अजून आहेत म्हणून विचारतोय." हे बोलताना त्याचे हात थांबले नव्हते. तो नंदकाच्या ताठरलेल्या पोटऱ्यांना तेल चोळत होता. नंदक मग हळूहळू सगळे सांगू लागला.

एके दुपारी पंगत उठल्यावर सुविचय दानशाळेत आला आणि चुलीजवळच्या पायरीवर टेकला. भावाचा चेहरा पाहून उत्पला पळा हातात घेऊनच त्याच्याशेजारी बसली.

"अक्का, मी आता जे सांगेन ते ऐकून तुला हा पळा टाकून द्यावासा वाटेल. टाकू नकोस."

"सांग."

"पाथरवटांच्या शेजारीच कोळ्यांची घरं आहेत. विहीर तीच, जमीन तीच, वारा तोच. पण एकाही कोळ्याचे पाय गेलेले नाहीत. ते डोहातले मासे खातात, दानशाळेत येत नाहीत. वस्तीत अंगावर पिणारी पोरं धड आहेत. म्हाताऱ्याकोताऱ्या, ज्या घासभर खातात, त्याही चालताहेत. पडले ते तरणे गडी. जो जास्त जेवला, तो आधी पडला."

उत्पलेच्या डोळ्यांपुढे चेहरे आले. ज्यांना तिने आग्रहाने दुसरा पळा वाढला होता, ते एकेक चेहरे.

"लाखोळी?" ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे मी... माझ्या या हातांनी?"

"तुझ्या या हातांनी ते जगले, अक्का. दानशाळा नसती तर ते केव्हाच भुकेने गेले असते. कधीमधी खाल्ली तर लाखोळी बाधत नाही. दोन्ही वेळा तीच, महिनोन् महिने तीच, तेव्हा ती पाय धरते. हे कुणालाच ठाऊक नव्हतं."

उत्पला झपाट्याने उठली. "मग विझवा या चुली! आत्ता विझवा!"

सुविचयाने तिचा हात धरला. "आज चुली विझवल्यास तर उद्या ते उपाशी राहतील, आणि भूक लाखोळीपेक्षा लवकर मारते. आधी मी सांगतो तसं कर. डाळ कढत पाण्यात भिजव, ते पाणी फेकून दे. पुन्हा उकळ, तेही पाणी फेक. मग निम्मीच लाखोळी घे आणि निम्मे जव मिसळ."

"जव कुठून आणू?"

"ते राजाच्या अश्वशाळेच्या कोठारात आहेत. ते मागणं माझं काम."

सभेच्या दिवशी अमात्य दीर्घमतीने सुविचयाला खांबाआड गाठले. "पोरा, शहाणा आहेस. दानाने प्रजा पांगळी झाली हे राजाला भर सभेत ऐकवू नकोस. देवीचा कोप म्हण आणि मोकळा हो. माझं वय झालं आहे. माझं आसन तुझंच आहे."

"आर्य," सुविचय नम्रपणे म्हणाला, "त्या आसनावर बसून रोज हेच तर करायचं आहे, लोकांना कशाने दुखतं ते शोधायचं. पहिल्याच दिवशी खोटं बोललो तर ते आसन घेऊन काय करू?"

सभेत त्याने जे पाहिले ते जसेच्या तसे मांडले. आवाज चढला नाही, शब्द वाया गेला नाही. राजाचा चेहरा लाल झाला.

"याला प्रमाण काय? बंदिशाळेतला एखादा चोर आणा, त्याला लाखोळी चारा. तो पांगळा झाला तर मी मानीन."

"महाराज, त्याला महिने लागतील. तोवर वस्तीत आणखी कितीतरी जण बसतील. आणि चोरालाही पाय असतातच." सुविचय पुढे म्हणाला, "देवीचा कोप म्हणावा, तर त्या डोंगराचा दगड कुठे कुठे गेला ते पाहा. या सभागृहाचे खांब त्याच दगडाचे. अमात्यांच्या वाड्याचं जोतंही त्याचंच. देवीला दगड फोडणाऱ्यांचा राग येतो, आणि ज्यांच्यासाठी फोडला त्यांचा येत नाही, असं कसं?"

दीर्घमतीने मान खाली घातली. राजा मात्र अजून धुमसत होता. "म्हणजे माझ्या दानाने माझी प्रजा पांगळी झाली, असं जगाने म्हणायचं?"

तेव्हा स्त्रियांच्या बाजूने उत्पला उठून उभी राहिली.

"महाराज, लाखोळी मी मागितली आणि मीच वाढली. जगाने म्हणायचं ते मला म्हणू दे. लोक माझ्या भावाला कोरडा म्हणतात. मी दोन्ही वेळा त्या माणसांसाठी रडले आणि त्यांना तेच वाढत राहिले. त्याने डोळे कोरडे ठेवले, म्हणून त्याला दिसलं. त्याचं ऐका."

राजाने अखेर विचारले, "तुला काय हवं आहे, सुविचया?"

"घोड्यांसाठी साठवलेले जव, महाराज. घोडे डोंगरातल्या कुरणांवर सोडावेत. वाळलेल्या गवतावर ते जगतील. माणसं गवतावर जगत नाहीत."

सगळ्यांना ठाऊक होते की ते जव यंदाच्या स्वारीसाठी राखलेले होते. जव दिले म्हणजे स्वारी गेली. राजाने सेनापतीकडे पाहिले, मग सभागृहाच्या दगडी खांबांकडे पाहिले. "कोठार उघडा," तो म्हणाला. "वस्ती जागची हलणार नाही."

त्या दिवशी भावाच्या मागून राजरस्त्याने घरी जाताना उत्पलेची मान अशी ताठ होती, की वाटेतल्या बायांना वाटले, हिच्या घरी आज काही मंगलकार्य असावे.

त्यानंतर वस्तीत नव्याने कोणाचे पाय गेले नाहीत. जे गेले होते ते परत आले नाहीत, आणि येतील असे खोटे आश्वासन सुविचयाने कोणाला दिले नाही. त्याने त्यांना बसून करायची कामे लावून दिली: दळायची दगडी जाती घडवणे, मूर्ती कोरणे. नंदकाच्या हातची जाती पुढे दूरदूरच्या नगरांत गेली. दुसऱ्या वर्षी पाऊस झाला. दीर्घमतीने आपण होऊन आसन सोडले, आणि राजाने ते सुविचयाला दिले. सभेत बसून त्याने ही गाथा म्हटली:

आंधळी माया हात धरी, नेई परी आडरानी;
निर्मम बुद्धी वाट जाणे, बसे परी एके ठिकाणी.
डोळस माया ज्याच्या ठायी, तोच नेई पैलतीरा;
त्याच्या मागे चाला, लोकहो, त्याचा तुम्ही हात धरा.

ही कथा शास्त्यांनी, पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, जेतवन विहारात सांगितली. तिथे सोमक नावाचा एक भिक्षू आजाऱ्यांची सेवा करी. रुग्णाजवळ बसला की तो सांत्वनाआधी प्रश्नच विचारी, म्हणून एक वृद्ध स्थविर त्याला प्रथम हसला आणि मग काही भिक्षूही त्याला शुष्क म्हणू लागले. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आज या विहाराला धान्य पुरवणारा गृहपती. दीर्घमती म्हणजे सोमकाला प्रथम हसलेला तो स्थविर. माझी त्या वेळची बहीण उत्पला आज भिक्षुणीसंघात औषधे वाटते आणि वाटण्याआधी दोनदा विचारते. ज्याच्या पायांना मी तेल चोळले तो नंदक म्हणजे हा सोमक. आणि सुविचय मीच होतो. प्रज्ञा आणि करुणा यांना दोन घरी राहू देऊ नका. त्या एकत्र नांदतात तेव्हाच दुःखाला उपाय सापडतो. याच गुणाला उपायकौशल्य म्हणतात."

सोमक सभेच्या कडेला बसला होता. सर्व भिक्षूंनी वळून त्याच्याकडे पाहिले आणि हात जोडले.