सत्तरावं पान आणि अडवलेली नाव

तुमच्यापैकी कुणीतरी चोराला सोडून वाटेला शिक्षा दिली आहे. नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळेल, आणि आत्ता नाही कळलं तर गोष्ट संपेपर्यंत कळेल.

पुष्कळ वर्षं झाली, इतकी की मोजणाऱ्यांनीही मोजणं सोडून दिलं. एका राज्याच्या मधोमध एक रुंद नदी वाहत होती. तिच्या एका काठाला लोक अलीकडचा म्हणत, दुसऱ्याला पलीकडचा. खरं तर आपण जिथे उभे असतो तो काठ अलीकडचा. पण तिथे राजवाड्याचा काठ तेवढा कायमचा अलीकडचा होता. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

नदीवर पूल नव्हता. एकच नाव होती आणि एकच नावाडी. त्याच्या घराण्याचा नियम साधा होता. चढणाऱ्याला 'सांभाळून बसा' एवढंच म्हणायचं. गाठोड्यात काय आहे आणि उतरून कुठे जाणार, हे विचारायचं नाही.

नावेच्या टोकावर एक खंड्या बसायचा. निळ्या पंखांचा, लांब चोचीचा. मासे कमी पकडायचा आणि प्रश्न जास्त विचारायचा.

अलीकडच्या काठावर एक चित्रकर्ती राहत होती. ती पानापानांवर गोष्ट रंगवायची, एका पानावर एक प्रसंग. आठवडी बाजारात पान उंच धरून ती गोष्ट सांगायची आणि मग त्याच प्रसंगाची, स्वतःच्या हातानं काढलेली, वीस पानं विकायची. सहा वर्षं ती एकच गोष्ट रंगवत होती. कळपातून हरवलेल्या एका हत्तिणीची. एकोणसत्तर पानं झाली होती. हत्तीण दरीच्या तोंडाशी उभी होती, समोरच्या कड्यावर तिचा कळप होता, आणि मध्ये खोल दरी. सत्तरावं पान शेवटचं.

तिच्या गुरूनं मात्र एक दंडक घालून दिला होता. रंगवलेलं पान पाण्यावरून न्यायचं नाही. पान विकताना ती घेणाऱ्याकडून तसं वचन घ्यायची. त्यामुळे हत्तीण अलीकडच्या घराघरांत होती आणि पलीकडे एकाही घरात नव्हती.

म्हणजे, खरी नव्हती. नकली होती.

पलीकडे काठालगत बोरूच्या उंच गवताचं दाट बेट होतं. त्यात काही नकलाकार दडून बसत. त्यांचा म्होरक्या अलीकडे येऊन पान विकत घ्यायचा, त्यावर तेलात भिजवलेला पातळ कागद ठेवायचा आणि रेघ न् रेघ उतरवून घ्यायचा. खरं पान तो अलीकडेच ठेवायचा. वचन कुठे मोडलं? तेलकट कागद नदी ओलांडायचा, आणि आठ दिवसांत शंभर हत्तिणी बेटात विकायला उभ्या राहायच्या.

एके दिवशी पलीकडून आलेल्या एका पाहुण्याच्या हातात चित्रकर्तीला ती नक्कल दिसली. तिनं हत्तिणीच्या डोळ्याकडे पाहिलं. तो डोळा जमावा म्हणून ती अकरा दिवस हत्तीखान्यात बसली होती. नकलेतला डोळा म्हणजे नुसता ठिपका होता.

ती थेट दरबारात गेली. "महाराज, हा धंदा थांबला नाही तर सत्तरावं पान मी काढणार नाही."

राजाच्या महालात एकोणसत्तर पानं ओळीनं लावलेली होती. तो दचकला. "म्हणजे हत्तीण दरीच्या तोंडाशीच राहणार?"

"राहील. माझी सहा वर्षं जशी राहिली, तशी."

राजानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधान म्हणाला, "महाराज, बोरूचं बेट मोठं आहे. चिखल आहे, जळवा आहेत. शिपाई किती दिवस शोधणार? पण नाव एकच आहे. नावाड्याला हुकूम द्या. बेटात जाणाऱ्याला नेऊ नको आणि पलीकडून चित्र घेऊन येणाऱ्याला आणू नको."

नावाड्याला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, कोण बेटात चाललंय आणि कोण सुइणीकडे, हे मला तोंडावरून कसं कळणार?"

"गाठोडं सोडून बघ," प्रधान म्हणाला. "आणि तुला जमत नसेल तर एक शिपाई देतो."

दुसऱ्या दिवसापासून घाटावर एक पाटी लागली आणि पाटीखाली एक शिपाई उभा राहिला. पाटीवर एकच ओळ होती: चित्रांना बंदी.

गाठोडी सुटू लागली. एका गाठोड्यात सुइणीच्या मुळ्या निघाल्या. एकात नवऱ्याची पत्रं निघाली, बाईनं ती चार लोकांसमोर गोळा केली आणि मान वर केली नाही. एका म्हाताऱ्याच्या गाठोड्यात भावाच्या अस्थी निघाल्या. नावाडी प्रत्येक वेळी पाण्याकडे बघत राहायचा.

खंड्यानं विचारलं, "नावाडीदादा, चोर कुठेय?"

"पलीकडे, बोरूत."

"मग गाठोडी इथे का सोडताय?"

"इथे सोडता येतात म्हणून," नावाडी म्हणाला. 

आता मला सांगा, एकदा पाटी लागली की तिच्यावर एकच ओळ राहते का? महिन्याभरात अलीकडचे तेली दरबारात आले. पलीकडचं तेल स्वस्त आहे, तेही अडवा. दुसरी ओळ आली. मग राजाचा मेहुणा आला. पलीकडे त्याच्या पगडीवर एक गाणं रचलं होतं, तेही येता कामा नये. तिसरी ओळ आली. शिपायानं विचारलं, गाणं गाठोड्यात कसं शोधायचं? मेहुणा म्हणाला, "गुणगुणणाऱ्याला उतरवा." तेव्हापासून नावेत कुणी गुणगुणेना.

आणि नकला? कोसभर वर म्हशींचा उतार होता. लोक म्हशींची शेपटी धरून नदी पार करू लागले. नकलाकारांनी बेटाच्या त्याच टोकाला दुकान हलवलं. तेलकट कागद भिजला तरी बिघडत नव्हता. बंदी आहे म्हटल्यावर ज्यांना हत्तीण ठाऊक नव्हती तेही विचारू लागले, एवढं आहे तरी काय त्यात? विक्री दुप्पट झाली.

हे चित्रकर्तीच्या कानावर आलं. तिनं ठरवलं, आपणच पलीकडे जायचं, खरं पान आणि नक्कल शेजारी ठेवायची आणि लोकांना विचारायचं. गुरूचा दंडक आठवला, पण ती थांबली नाही. तिनं एकोणसत्तरावं पान बांबूच्या नळीत घातलं आणि नळीचं तोंड मेणानं बंद केलं.

घाटावर शिपायानं मेण फोडलं. "चित्र आहे. जप्त."

"माझं आहे ते!"

"सगळे असंच म्हणतात, बाई."

"अरे, तक्रार मीच केली होती!"

"मग तर तुम्हाला हुकूम ठाऊकच असणार."

तिनं पान ओढलं, त्यानंही ओढलं, आणि पान दोघांच्या हातून निसटून नदीत पडलं. ती किंचाळली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या हत्तिणीला पाणी लागलं होतं. खंड्यानं सूर मारला, पानाचा कोपरा चोचीत धरला आणि ते फडफडत नावेत आणून टाकलं.

रंग तसाच होता. एक ठिपका हललेला नव्हता.

खंड्यानं मान वाकडी केली. "पाण्यावरून न्यायचं नाही, ते का?"

"गुरूंचे रंग पाण्यात विरघळायचे," ती हळूच म्हणाली.

"आणि तुझे?"

तिनं पानावरून बोट फिरवलं. चमक यावी म्हणून ती पहिल्या पानापासून वर जवसाच्या तेलाचा हात देत होती. त्या तेलावरून पाणी घरंगळून जातं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. कारण नाहीसं झालं होतं आणि दंडक तेवढा उरला होता.

नावाड्यानं वल्हं उचललं. शिपाई ओरडला, "कुठे चाललास?"

"शिपाईदादा, हुकूम पलीकडून चित्र आणणाऱ्याला अडवायचा आहे. ही तर अलीकडून नेतेय." मग तो तिला म्हणाला, "सांभाळून बसा."

पलीकडे विहिरीच्या कठड्यावर तिनं आपलं पान आणि तिथल्याच एका घरातून मागून आणलेली नक्कल शेजारी ठेवली. पाण्याला आलेल्या बायका जमल्या. टोपल्या विणणारी एक बुरूडीण पुढे झाली. तिनं खऱ्या पानातल्या डोळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"बिचारी. दरीत पडून मेली."

"कोण म्हणालं?"

"सत्तराव्या पानातच आहे. घरात लावलंय मी. आमची पोरं दोन दिवस जेवली नव्हती."

चित्रकर्ती थक्क झाली. "सत्तरावं पान मी अजून काढलेलंच नाही!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटचं पान मिळेना, तेव्हा नकलाकारांनी ते मनानं काढून विकलं होतं. आडवी हत्तीण काढायला सोपी.

"म्हणजे ती जिवंत आहे?" बुरूडणीनं विचारलं.

"तुम्ही नकला घेतल्याच का?"

"खरी पानं कुठे मिळतात?"

"अलीकडे."

"आणि इकडे आणू देता?"

चित्रकर्तीनं हातातली नळी खाली ठेवली. बुरूडीण म्हणाली, "चोरीचं आहे हे आम्हाला ठाऊक होतं, बाई. लाजही वाटायची. पण हत्तिणीचं पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय राहवायचं नाही. तुम्ही एकदा तरी यायचं होतंत."

तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवली. "आता ज्यानं माझ्या पोरांना खोटं रडवलं, त्याला आणते."

सात बायका बोरूत शिरल्या. संध्याकाळ व्हायच्या आत म्होरक्या विहिरीपाशी उभा होता, तेलकट कागदांच्या भारासकट.

राजानं निवाडा केला. म्होरक्यानं दारोदार जाऊन खोटं सत्तरावं पान उतरवायचं आणि प्रत्येक दारात आपल्या तोंडानं सांगायचं, हत्तीण मेलेली नाही, मी खोटं काढलं. वर्षभर चित्रकर्तीचे रंग घोटायचे. पाटी उतरवली. नावाड्यानं तिचं नावेत बसायला फळकूट केलं. मेहुण्याचं गाणं त्याच दिवशी अलीकडे पोहोचलं.

चित्रकर्तीनं सत्तरावं पान पलीकडच्या विहिरीवर बसून काढलं. त्यात हत्तीण दरी उतरते आहे, आणि समोरून कळपही तिच्यासाठी अर्धी दरी उतरला आहे. मग दर आठवड्याला खरी पानं नावेनं पलीकडे जाऊ लागली. नकला अगदीच संपल्या असं नाही. पण चोरून घ्यायचं कारण संपलं, तसं घेणारे कमी झाले.

म्हणून सांगतो, चोरी चोरापाशी थांबवावी. वाट अडवली की चोर दुसऱ्या वाटेनं जातो आणि अडकतो तो साधा माणूस.

सत्तरावं पान पाहायला प्रधानही पलीकडे आला होता. बोरूच्या बेटाकडे बघत त्यानं बुरूडणीला विचारलं, "तिथे जळवा नव्हत्या का हो?"

"होत्या की," ती म्हणाली. "सातही जणींना चिकटल्या. पण आम्हाला चोर हवा होता."