लाल डब्याचा नियम

एका रुपयात मावेल तेवढंच माणसं फोनवर बोलत, त्या दिवसांत एसटी स्टँडवर एक लाल डबा-फोन टांगलेला होता. मोठा कडक! रुपयाची वेळ संपली की कुणी रडत असो की हसत असो, तो लाईन तोडायचाच.

पुढे तो भंगारात गेला. एकट्या राहणाऱ्या मनोहरपंतांनी त्याला तिथून घरी आणलं, गंज खरवडला, नवी वायर जोडून भिंतीवर लावलं. शेजारच्या घड्याळाला डबा म्हणाला, "नियम म्हणजे नियम. इथेही तोडणारच."

पंतांनी हौसेने रुपया टाकून परगावच्या लेकीला फोन लावला. "शलाका, ओळख बरं, कुठून बोलतोय!"

"बाबा, घाईत आहे, नंतर करते." खट्.

डबा चक्रावला. आजवर सगळ्यांनी त्याच्याकडे आणखी थोडा वेळ मागितला होता. उरलेला वेळ असा कुणी टाकून दिला नव्हता.

पलीकडे कुणी नव्हतं, तरी पंत रिसीव्हर कानाला लावून बोलतच राहिले. "अगं, आवाज किती स्वच्छ येतोय. तुझ्या आईला फार आवडला असता..."

"वेळ संपली," घड्याळ म्हणालं. "तोड की आता."

"हळू बोल," डबा पुटपुटला. "त्यांचं अजून संपलं नाहीये."