मूठमाती न मिळालेल्या तीन फौजा

एका राज्यात, जिथली उत्तरेची वाट घनदाट अरण्यात बुडे, वज्रबाहू नावाचा राजा होता. राजा म्हटला की हट्ट आलाच! अरण्यातल्या टोळ्यांना वाकवायला त्याने तीन फौजा धाडल्या. प्रत्येकीपुढे निशाण म्हणून सोन्याचा गरुड. टोळ्यांनी त्यांना दलदलीत गाठले. एकही शिपाई परतला नाही.

राजा दारावर डोके आपटी आणि ओरडे, "माझ्या फौजा परत द्या!"

प्रधान म्हणाला, "महाराज, झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग दवंडी पिटली. गरुड परत येईपर्यंत कुणी मेले म्हणायचे नाही; कुणी रडायचे नाही, मूठमाती द्यायची नाही. झाले! दुसऱ्याच दिवशी शिपायांच्या सावल्या तेवढ्या घरी आल्या आणि उंबरठ्यावर बसल्या. त्या उठेनात की बोलेनात.

गरुड वाहणाऱ्या धैर्यसेनाची बायको चारुमती. नवऱ्याची सावली ओलांडून रोज पाणी आणताना तिचा जीव मेटाकुटीला आला. "गरुड आणून यांना मी सोडवीन," म्हणाली आणि अरण्यात शिरली.

वाटेत डोमकावळा भेटला. "बाई, रणभूमी मला ठाऊक आहे. मी तिथे महिनाभर जेवलो."

"मेल्या! चल, वाट दाखव."

तिथे टोळ्यांची चेटकीण वृक्का बसली होती. "पोरी, तीन कामे कर. गरुड तुझे."

पहिले काम, दलदल ओलांडणे. चारुमतीने ओलांडली. दुसरे, झाडांना ठोकलेल्या कवट्यांना त्यांची नावे विचारणे. तिने विचारली. "आठवत नाहीत," कवट्या म्हणाल्या.

"आता तुमची हाडे वेगळी काढ, आमची वेगळी," वृक्का म्हणाली.

चारुमतीने एकेक हाड उचलून पाहिले. सगळी सारखीच पांढरी.

"ओळखू येत नाहीत, आई. हरले मी. सगळ्यांनाच माती देते."

वृक्का तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली. "माझा लेकही यातच आहे," ती म्हणाली आणि तिनेही ओंजळ भरली. दोघी तीन दिवस माती लोटत होत्या.

चारुमती रिकाम्या हाताने दरबारात उभी राहिली.

"गरुड कुठे?" राजाने विचारले.

"तिसरे काम हरले, महाराज. पण तुमच्या माणसांना माती दिली. आता आम्हांला रडू द्या."

राजा सिंहासनावरून उतरला. "मीच धाडले त्यांना," म्हणाला आणि भर दरबारात ढसाढसा रडला.

तेव्हा घरोघरच्या सावल्या उठल्या. धैर्यसेनाची सावली क्षणभर दारात थबकली, मग निघून गेली. चारुमतीने हंबरडा फोडला, आणि या खेपेस तिला कुणी गप्प केले नाही.

पुढे त्या राज्यात फौजा पुष्कळ उभ्या राहिल्या. पण त्या हरवलेल्या तीन फौजांची नावे पुन्हा कुठल्याच फौजेला दिली नाहीत.