सापाचा उंबर

फार पूर्वी मी, एक साळुंकी, दूरच्या रानातून न्यायशास्त्र शिकून परतले. वाटलं होतं, एकजुटीने उंबरावरच्या सापाला हाकलणाऱ्या साळुंक्या आणि खारी आनंदात असतील. पाहते तर सापाच्या उंबराच्या वाटणीवरून त्यांचीच जुंपलेली!

मी लगेच चोचीने खोडावर सीमा कोरली. "शिकलेली गं बाई!" खारआजी म्हणाली. मी फुगले.

संध्याकाळी मांजर चढलं. मांजर दिसताच ओरडून सगळ्यांना सावध करायचं, ही जुनी रीत. पण आमचा पहारेकरी गप्प.

मी जाब विचारला तर म्हणाला, "ते खारींच्या हद्दीत होतं, ताई!"

खारआजी वाचली, शेपटी गेली. "रेघ मात्र सरळ हो," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मी ठरवलं, त्या रेघेवर बसून पहारा मीच करायचा, दोघांसाठी ओरडायचं. ओरडायला मला कुठे शिकावं लागलं होतं?