ठकूबाईचा धोंडा

खोटं बोलतोय त्यो सावरखेडचा मास्तर! म्हणं ठकूबाई त्यांची. जलमली असंल तिकडं, पर नांदली ह्या आमच्या निंबदऱ्यात. मॅडम, तुमच्या लायब्ररीची गाडी उभी हाय नव्हं, तिच्या म्होरं त्यो काळा धोंडा बघा. हितंच बसली व्हती ती.

आमची जुनी माणसं सांगायची, तवा शहरातल्या लायब्ररीतनं बैलगाडीत पुस्तकांची पेटी यायची. म्हैनाभर एका गावाला, मग फुडच्या. संगं एक कारकून. त्यो वाचायचा, न शिकलेली समदी ऐकायची. त्या साली एका राणीची गोष्ट चालली व्हती म्हणं. राणी रानात वाट चुकली आन हिकडं म्हैना सरला. कारकून निघाला पेटी घिऊन सावरखेडला.

सावरखेडला ठकूबाईची धाकटी बहीण, गिरजा, गावातच दिलेली. लई तोऱ्याची. पाटल्या पयल्या तिला, पोरगा पयला तिला. आता राणी घरी पोचली का न्हाई, ते बी पयलं तिलाच कळणार! मग जत्रंत नाक वर करून इचारणार, "अगं आक्का, तुला ठावंच न्हाई?"

ठकूबाईच्या अंगाची आग झाली. तिनं पेटी वढून ह्या धोंड्यावर ठिवली आन वर बसली. "गोष्ट पुरी कर, मग ने."

कारकून म्हणला, "बाई, नियम हाय."

"नियम माझ्या बहिणीला सांग जा!"

तीन दिस बसली. पोटात अन्न न्हाई. चौघांनी जोर लावला, पर पेटी धोंड्यात रुजल्यागत झाली, असं सांगत्यात. शेवटाला कारकुनानं हात टेकलं. तिथंच उभं ऱ्हाऊन वाचलं. राणी पोचली घरी. ठकूबाई म्हणली, "झालं." आन पेटी फुलावाणी हलकी.

आज बी गाडी निघायच्या आदी तुमचा माणूस हितं एका पुस्तकाचं शेवटचं पान वाचतो. जिला वाचता येत न्हाई अशी एक बाई गाडीच्या दाराला हात लावून उभी ऱ्हाती. ती "झालं" म्हणल्याबिगर डायवर चावी फिरवत न्हाई.

आन आता सावरखेडला लायब्ररीची पक्की शाखा! तिथं काम्पुटर, म्हाताऱ्यांचं पेन्शनचं फारम भरून देत्यात, पोरींना शिवणकाम शिकवत्यात. द्या की त्यांना. पर त्यापायी आमची गाडी बंद? आमी काय सवतीची लेकरं?

तुमच्या साहेबाला फोन लावा मॅडम. आत्ता, माझ्या म्होरं. गाडी चालू ऱ्हाणार म्हणून सांगा.