वळचणीपासून आढ्यापर्यंत

एका राज्यात वादळ आले की तीनदा येई. पहिल्याने छपरे उडत, दुसऱ्याने भिंती कलत आणि तिसऱ्याने माणसे वाहून जात. हा एका मांत्रिकाचा शाप होता. भर वादळात त्याने आसरा मागितला, तेव्हा त्या वेळचा राजा म्हणाला होता, "आधी राजवाडा शाकारू दे, मग तुझे पाहू." मांत्रिक भिजतच उत्तरला, "जोवर डागडुजी चुकीच्या टोकाकडून सुरू होईल, तोवर वादळ तीनदा येईल." पुढच्या राजांनी राजवाडा कधी पूर्वेकडून शाकारला, कधी पश्चिमेकडून. शाप काही सुटला नाही.

यंदा दुसरे वादळ ओसरताच राजा वीरकेतूने छपरे शाकारणाऱ्या सगुणेला बोलावून तीन कामे सांगितली. तिचे मन मात्र नदीकाठी होते. तिथे तिची बहीण यमू पाच दिवसांच्या लेकीला घेऊन उपड्या होडीखाली बसली होती, आणि तिसरे वादळ संध्याकाळी यायचे होते.

पहिले काम, कळस आणणे. तो तळ्यातल्या मगरीने गिळला होता. सगुणेने तिचे दात साफ करून दिले, मगरीने कळस दिला. दुसरे काम, राजवाड्याचे आढे आणणे. ते रानात जाऊन पुन्हा झाड झाले होते. सगुणेने हात जोडले, तसे ते पाने गाळून तिच्यामागे चालत आले. तिसरे काम, राजवाडा शाकारणे.

ती शिडी चढली. आढ्यावर टिटवी बसली होती.

"वरूनच सुरू करणार?" टिटवीने विचारले.

"वेडी की काय! खालच्या कडेपासून, वळचणीपासून वर यायचे असते. नाहीतर पाणी पेंढ्याखाली शिरते."

"मग या राज्याची वळचण कुठे?"

सगुणेने खाली पाहिले. माथ्यावर राजवाडा, उतारावर घरे आणि अगदी तळाशी, नदीला टेकलेली, यमूची उघडी झोपडी. ती शिडी उतरली.

"महाराज, पेंढा खाली न्यायला हवा."

"आज्ञा मोडतेस? शिर जाईल!"

"संध्याकाळी सगळ्यांचीच जाणार आहेत. आजवर आपण वरूनच सुरुवात केली, महाराज. माझ्या हाताखालच्याने असे केले असते, तर मी त्याला शिडीवरून उतरवले असते."

राजाने काळवंडलेल्या क्षितिजाकडे पाहिले, शेला कमरेला खोचला आणि पेंढी उचलली.

"अशीच धरायची ना?"

"उलटी धरलीत, महाराज."

आधी यमूची झोपडी झाली. मग कोळ्यांची घरे, मग कुंभारांची. ज्याचे छप्पर झाले, तो पुढच्याच्या छपरावर चढला. राजवाड्याखालचे शेवटचे घर शाकारून झाले आणि वादळ आले.

सगुणा, यमू आणि राजा झोपडीत दाटीवाटीने बसले. वादळाने यमूची वळचण चाचपली. फट सापडली नाही. दारोदार चाचपत ते वर गेले, उघड्या राजवाड्यात शिरले, रिकाम्या सिंहासनावर टेकले आणि एक उसासा टाकून झुळूक झाले.

उजाडल्यावर माणसे मोजली. सगळी होती. सगुणेला रडू फुटले आणि हसूही.

"आता राजवाडा?" राजाने विचारले.

"पेंढा संपला, महाराज. पुढच्या कापणीला."

"तोवर इथंच टेका," यमू म्हणाली. "फक्त हळू बोला. आत्ता कुठं डोळा लागलाय हिचा."

तेव्हापासून त्या राज्यात वादळ येते ते एकदाच, आणि राजवाडा शाकारला जातो तो सर्वांत शेवटी.